इंग्रजी कॉलनंतर मराठी अडखळते, आणि म्हणे दोन भाषांनी लक्ष पक्कं होतं?

सायंपाळी

नमस्कार मंडळी. वाचक म्हणून जुनी आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी एका हेल्पलाइनवर फोन घेते. दुपारी दोन ते रात्री साडेदहा. पुढचा कॉल मराठीत येणार की इंग्रजीत, हे समोरचा माणूस 'हॅलो'च्या पुढे काही बोलेपर्यंत कळत नाही. आठ वर्षं हेच करतेय, त्यामुळे नवखी आहे म्हणून सुटका नाही.

परवा एक इंग्रजी कॉल वीस-बावीस मिनिटं चालला. बाई चिडलेल्या, मी शांत, नेहमीचंच. तो संपतोय तोच पुढचा आला. एक आजोबा, स्वच्छ मराठी. मी म्हटलं, "नमस्कार, मी आपली तक्रार..." आणि पुढे भिंत. 'नोंदवून घेते' एवढं साधं येईना. 'रजिस्टर' जिभेवर हजर, आणि जी भाषा मला कुणी शिकवावी लागली नाही तिच्यातलं क्रियापद बेपत्ता. शेवटी आजोबाच म्हणाले, "लिहून घेता ना, बाई?"

मला जास्त खटकतं ते हे, की उलटं कधी होत नाही. मराठी कॉलवरून इंग्रजीवर मी सरळ जाते. इंग्रजी मी शाळेत घोकून शिकले, अजूनही 'द' कुठे लावायचा तिथे गडबडते. अडखळायचंच तर तिथे अडखळायला नको का?

दुसरं दुखणं आकड्यांचं. सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो, फॉर्टी सेव्हनमध्ये चार आधी. एकदा दोन-तीन इंग्रजी कॉल लागोपाठ झाले की मग मराठी माणसाचा सत्तेचाळीस माझ्या बोटांतून ७४ होऊन उतरतो. एकोणसाठ तर वैरी आहे माझा. 'साठ' ऐकलं की बोट सहावर पोचलेलं असतं, मग एक मागे, खोडा, पाच, नऊ. तोवर समोरचा पुढचे चार आकडे बोलून मोकळा. तक्रार क्रमांक चुकला की माझ्या नावावर चूक लागते, म्हणून हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही.

आणि नेमका ह्याच आठवड्यात आमच्या टीम लीडरनी ग्रुपवर एक चित्र टाकलं. मेंदूला दंड फुगवलेला काढलाय, खाली लिहिलंय की दोन भाषा बोलणाऱ्यांचं लक्ष इतरांपेक्षा पक्कं असतं, ते विचलित होत नाहीत. मी फ्रिज उघडून कशाला उघडला ते विसरणारी बाई. माझ्याकडे बघून तरी असं वाटत नाही.

तर, माझी मराठी का अडखळते? आणि ते चित्र खरं आहे की नुसती सुविचारगिरी? जाणकारांनी सांगावं.

---

दोनदा_सांग

ताई, उत्तर नाही माझ्याकडे, माझाच एक प्रश्न जोडते. लेक साडेतीन वर्षांची. "मला तो रेडवाला दे, निळा नको" अशी बोलते. सासूबाईंचं म्हणणं, एकच भाषा ठेवा, पोरीच्या डोक्याचा गोंधळ होतोय. नवऱ्याचं म्हणणं, दोन्ही ठेवा, बुद्धी तल्लख होते. मी मध्ये. त्यामुळे इथे पाट मांडून बसलेय.

---

मधला_बाण

सायंपाळी, आधी तुमच्या अडखळण्याचं घेतो, कारण तिथलं उत्तर बऱ्यापैकी पक्कं आहे.

१९९९ साली रेनाटा म्यूटर आणि ॲलन ऑलपोर्ट यांनी एक साधा प्रयोग केला. पडद्यावर एक ते नऊमधला एखादा आकडा येणार, तो मोठ्याने म्हणायचा. कुठल्या भाषेत ते मागचा रंग सांगणार. रंग बदलला की भाषा बदलायची. भाषा बदलताना वेळ जास्त लागतो हे अपेक्षितच होतं. गंमत अशी, की कच्च्या भाषेतून पक्क्या भाषेत येताना तो जास्त लागला. म्हणजे अगदी तुमचीच तक्रार.

ह्याचा अर्थ असा लावतात. मराठी हे तुमच्या डोक्यातलं दांडगं पोर. इंग्रजी बोलताना ते सारखं मध्ये तोंड घालणार, म्हणून त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागतं. मराठी बोलताना मात्र इंग्रजीला धरायला एक बोट पुरतं. कॉल संपला तरी दोन हातांची मिठी एकदम सुटत नाही. एक भाषा बोलण्यासाठी दुसरी दाबून धरावी लागते ही मांडणी डेव्हिड ग्रीन यांनी १९९८ मध्ये केली होती, आणि पुढचे बरेच प्रयोग तिच्याभोवती फिरतात. काहींना ती पटत नाही. ते म्हणतात, कच्च्या भाषेला जो जादा रेटा दिलेला असतो तोच मागे रेंगाळतो. तुमच्यासाठी फळ एकच. दोन्ही भाषा सारख्याच पक्क्या असलेल्यांमध्ये ही तफावत दिसली नाही, असं स्पॅनिश-कॅटलान बोलणाऱ्यांवरच्या २००४ च्या प्रयोगात आलं होतं.

एक मात्र सांगायला हवं. प्रयोगातला हा उशीर सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासचा असतो. तुमची भिंत त्याहून बरीच उंच होती. बावीस मिनिटं एकच भाषा, वर चिडलेल्या माणसाला सांभाळणं, आणि 'रजिस्टर' शंभर वेळा वापरून तोंडाशी आलेला. सगळं भाषाबदलाच्या खात्यावर टाकू नका.

दुसरी भाषा कधीच पूर्ण झोपत नाही, हेही माहीत असू द्या. व्हिऑरिका मारियन आणि मायकल स्पायव्ही यांनी, पुन्हा १९९९ मध्येच, रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. सूचना रशियनमध्ये: टपालाचं तिकीट उचला. तिकिटाला रशियनमध्ये 'मार्का' म्हणतात. समोर एक मार्कर पेनही ठेवलेलं. लोकांची नजर काही वेळा मार्करकडे जाऊन येत होती, इंग्रजीचं नावही कुणी काढलेलं नसताना. आपल्याकडे 'बस', 'फार', 'कट' हे तिन्ही शब्द दोन्ही भाषांत आहेत आणि अर्थाने एकमेकांना ओळखतही नाहीत. फोनवर कुणी "कट झाला" म्हणालं तर कॉल की कारस्थान, हे तुमचं डोकं दर वेळी निवडतंच.

आकड्यांचंही ह्याच जातीचं. एकक आधी बोलायची पद्धत जर्मन आणि डचमध्येही आहे आणि तिथलीही मुलं लिहिताना आकडे उलटे करतात. एकोणसाठमध्ये तर वजाबाकीही आली. तुम्हाला पाच लिहायचाय आणि कानावर पडतो साठ.

आता ते दंडवालं चित्र. हा माझा दुखरा कोपरा आहे. मी दोन वर्षं एका प्रयोगशाळेत मदतनीस होतो आणि दिवसभर लोकांना बाण दाखवायचो. पाच बाणांची रांग, फक्त मधला कुठे तोंड करून आहे ते बटण दाबून सांगायचं. बाजूचे चार उलट दिशेला असले की माणूस रेंगाळतो. जो कमी रेंगाळतो त्याचा लक्षावरचा ताबा जास्त, असं धरायचं. (माझ्या इथल्या नावाचा उलगडा झाला असेल.) दुसरी चाचणी जॉन रिडली स्ट्रूप यांची, १९३५ ची: 'लाल' हा शब्द निळ्या शाईत, शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा.

विचार असा होता, की जो दिवसभर एक भाषा दाबून दुसरी बोलतो त्याला बाजूचे बाण दाबणं सोपं जाईल. कानाला पटतं. २००४ मध्ये एलेन बियालिस्टॉक आणि सहकाऱ्यांनी असा फायदा दिसल्याचं छापलं, वयस्कांमध्ये जास्त. मग रीघ लागली. पण त्या कामाच्या पहिल्या भागात दोन भाषावाले होते भारतातले तमिळ-इंग्रजी आणि एक भाषावाले कॅनडातले. फरक दिसला तर तो भाषेचा, शाळेचा, की राहणीचा? कसं सांगणार?

ही चूक जुनीच आहे, फक्त तेव्हा तोंड उलट्या दिशेला होतं. १९२३ मध्ये वेल्समध्ये सेअर यांनी दोन भाषांची मुलं बुद्धीत मागे असल्याचं दाखवलं होतं. फरक होता तो खेड्यांतल्या मुलांत, शहरांतल्या मुलांत नव्हता. तरी पुढची कित्येक वर्षं आईबापांना सांगितलं गेलं, एकच भाषा ठेवा. (दोनदा_सांग, तुमच्या सासूबाईंच्या कानावर बहुधा त्याचीच शेपटी आली असावी.) १९६२ मध्ये पील आणि लॅम्बर्ट यांनी माँट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांवर उलट निकाल काढला आणि वारं फिरलं.

मोठ्या संख्येने मोजल्यावर काय झालं? बास्क आणि स्पॅनिश बोलणारी २५२ मुलं आणि तेवढीच एकभाषी मुलं, २०१४ मध्ये, स्ट्रूपवर फरक नाही. केनेथ पाप आणि ग्रीनबर्ग यांनी २०१३ मध्ये वेगवेगळ्या चाचण्या एकत्र ठेवून पाहिल्या, सुसंगत पुरावा नाही. २०१८ मध्ये मिन्ना लेहटोनेन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवरचे १५२ अभ्यास एकत्र केले. जो चिमूटभर फायदा दिसत होता तो, न छापल्या गेलेल्या निकालांचा हिशेब धरल्यावर, उरला नाही. २०२० मध्ये ११,०४१ लोक, बारा चाचण्या, तिथेही नाही.

ते 'न छापल्या गेलेल्या'चं मी जवळून पाहिलंय. फरक आला की लेख लगेच लिहायला घेतला जायचा. नाही आला की "आणखी थोडी माणसं घेऊ" असं व्हायचं आणि फाइल तशीच राहायची. लबाडी कुणी करत नव्हतं. 'काहीच सापडलं नाही' असं लिहायला उत्साह कुठून येणार? आंजेला द ब्रुइन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये परिषदांमधल्या गोषवाऱ्यांचा माग काढला, तेव्हा हेच दिसलं. फायदा दाखवणारी कामं जास्त प्रमाणात छापून आली होती.

---

सायंपाळी

बाणदादा, इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. 'दांडगं पोर' वाचून हसू आलं. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, तू तशीच होतीस.

पण मग आठ वर्षं रोज साडेआठ तास मी त्या पोराला धरून ठेवतेय, त्या कसरतीचं कुठे काहीच होत नाही? रोज पायऱ्या चढणाऱ्याला निदान पायऱ्या चढताना धाप कमी लागते.

---

मधला_बाण

पायऱ्या चढताना कमी लागतेच. पोहताना लागेल की नाही, एवढाच वाद आहे. आठ वर्षांपूर्वीच्या सायंपाळीला हेच कॉल दिले तर ती किती वेळा अडखळेल ते आठवून बघा. भाषा ओळखणं, दुसऱ्या सेकंदाला वळणं, ह्यात तुम्ही तरबेज झालाच असाल. त्यावरून फ्रिजसमोरचा विसरभोळेपणा कमी होईल, ही उडी मात्र मोठी आहे.

आणखी एक. 'दोन भाषा बोलणारा' हा एक प्रकार नाही. ग्रीन आणि युबिन आबुतालेबी यांनी २०१३ मध्ये तीन रीती वेगळ्या केल्या. घरी एक आणि बाहेर दुसरी बोलणारे, एकाच जागी दोन्ही पण माणसागणिक बदलणारे, आणि एकाच वाक्यात दोन्ही कालवणारे. तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या, आणि त्यांच्या मते लक्षाला सर्वांत जास्त काम तिथेच. आपण मित्रांत बोलतो तो तिसरा प्रकार, तिथे कुणाला धरून ठेवायचंच नसतं. 'रेडवाला'ही तिथलाच. दोनदा_सांग, मिसळून बोलणं म्हणजे गोंधळ नव्हे. तुमच्या लेकीने 'वाला' बरोबर जागी लावलाय.

---

दोनदा_सांग

हे सासूबाईंना वाचून दाखवते. नवऱ्याला तल्लख बुद्धीचा भाग दाखवावा का, ह्याचा विचार चालू आहे.

---

रिकामी_खुर्ची

नमस्कार. मी वयाने इथल्या बऱ्याच जणांचा काका असेन. बाणरावांचं सगळं वाचलं. तरुणांचे बाण बाजूला ठेवून म्हाताऱ्यांचं थोडं बोलतो, कारण ह्या विषयात मी इच्छेने आलो नाही.

माझी थोरली बहीण. आयुष्यभर शिकवलं, वर्गात एक भाषा, घरात दुसरी. एकाहत्तराव्या वर्षी विसरायला लागली. तेव्हा कुणीतरी मला म्हणालं, "अहो, दोन भाषावाल्यांना हे होत नाही म्हणतात ना?" फार लागलं ते. मग शोधत बसलो.

बियालिस्टॉकबाईंचंच २००७ चं काम आहे, टोरोंटोतल्या स्मृतिभ्रंशाच्या १८४ रुग्णांच्या नोंदींवर. दोन भाषावाल्यांत लक्षणं सुमारे चार वर्षं उशिरा दिसली. पण तिथले दुभाषिक बरेचसे बाहेरून आलेले लोक, म्हणून शंका राहिली. मग हैदराबादला निझाम इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांचा अभ्यास केला, २०१३ मध्ये छापला. त्या शहरात दोन भाषा बोलायला कुणाला परदेशी जावं लागत नाही. तिथेही साडेचार वर्षांचा फरक. मुख्य म्हणजे कधीच शाळेत न गेलेल्यांतही फरक दिसला, तेव्हा तो नुसता शिक्षणाचा म्हणता येत नाही. तिसरी-चौथी भाषा येण्याने मात्र आणखी भर पडली नाही.

स्कॉटलंडचं मला जास्त आवडलं. १९४७ साली अकरा वर्षांच्या मुलांची बुद्धिचाचणी झाली होती. त्यांतल्या ८५३ जणांना सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा तपासलं. लहानपणच्या गुणांवरून जेवढी अपेक्षा धरावी त्यापेक्षा दुसरी भाषा शिकलेल्यांचं बरं होतं. "हुशार मुलंच भाषा शिकतात" ही शंका निदान तिथे बंद झाली. थॉमस बाक आणि मंडळी, २०१४.

दुसरी बाजूही आहे. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या हजारावर स्पॅनिश भाषकांचा अभ्यास आला. आजार होण्याच्या आधीपासून त्यांना वर्षानुवर्षं तपासत गेले होते. तिथे दोन भाषांनी आजार रोखल्याचं दिसलं नाही. दवाखान्यात आलेल्यांना विचारणं आणि आधीपासून मागे मागे जाणं, ह्यात फरक पडतो.

बहिणीचं सांगतो. शाळेतली भाषा हळूहळू गेली. घरातली राहिली. शेवटी शेवटी माझं नाव यायचं नाही, पण मी चुकीची म्हण वापरली की दुरुस्त करायची. दोन भाषांनी तिला चार वर्षं दिली की नाही, कोण सांगणार. तिची दुसरी प्रत मला कुठून मिळणार, तुलनेला?

---

मधला_बाण

काका, तुमचं वाचून गप्प झालो. शेवटचं वाक्य आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर लावायला हवं होतं.

---

सायंपाळी

काका, नमस्कार करते तुम्हाला.

मंडळी, आठ दिवस धागा मागे पडला होता, कारण मी मोजत होते. पॅडच्या मागच्या पानावर दोन रकाने: इंग्रजी कॉलच्या लगेच मागून आलेला मराठी कॉल, आणि मराठीच्या मागून आलेला मराठी. आकडा खोडावा लागला की एक रेघ. आठ दिवसांत पहिल्या रकान्यात एकोणीस रेघा, दुसऱ्यात सहा. मुळात कुठल्या प्रकारचे कॉल जास्त आले ते मी मोजलंच नाही, हे सातव्या दिवशी लक्षात आलं. बाणदादा, हसू नका. त्यामुळे हा पुरावा-बिरावा नाही. पण एक कळलं. रेघा जवळपास सगळ्या कॉलच्या सुरुवातीला आहेत. दोन-तीन मिनिटं गेली की बोटं सुधारतात.

म्हणून मी क्रमच बदललाय. इंग्रजीनंतर मराठी कॉल आला की तक्रार क्रमांक आधी विचारत नाही. आधी काय झालं ते सांगा म्हणते. माणूस दोन मिनिटं मन मोकळं करतो, तेवढ्यात माझं दांडगं पोर मिठीतून सुटून उभं राहतं. मग आकडे घेते, आणि सत्तेचाळीस ऐकलं की परत विचारते, "चार-सात ना?" थोडा वेळ जास्त जातो. टीम लीडरनी विचारलं, तुझे कॉल लांबतायत का? मी म्हटलं, खाडाखोड बघा आधी. बघतायत.

'नोंदवून घेते' ह्या आठवड्यात एकदाही हरवलं नाही. पण कीबोर्डच्या वर चिठ्ठी चिकटवलीय, ते मान्य करते.

काल रात्री सव्वादहाला एका बाईंचा फोन आला. क्रमांक सांगताना त्या आपणहून म्हणाल्या, "एकोणऐंशी, म्हणजे सात-नऊ हं." मी विचारलं, असं फोड करून कसं काय सांगता? त्या म्हणाल्या, "अहो, मी पण फोनच घेते. सकाळपाळी."